चार बोटं फट

मालगाडीच्या डब्यांवर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. डब्यांच्या दारांना सेन्सर बसवलेत; दार उघडं राहिलं की नाशिकच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर तो डबा लाल होतो. चोरी होऊ नये म्हणून ही सोय. तेव्हा नोकरी नवी होती आणि माझा तोरा तर विचारूच नका.

त्या दिवशी लासलगावला कांद्याची गाडी भरून झाली, तरी एकामागून एक डबे लाल! तिथल्या हमालांचे मुकादम म्हणजे माझे सख्खे मामा. मी तडक त्यांना फोन लावला.

"मामा, दारं नीट लावा की. इथं सगळं लाल दिसतंय."

"अगं पोरी, चार बोटं फट ठेवून तार बांधलीय. कांद्याला वारा लागतो. कोंडला की घाम फुटतो त्याला. आम्ही कायम असंच करतो."

"आता मशीन आलंय, मामा. तुमचं ते कायमचं राहू द्या."

काय बोलून गेले मी! नाशिकच्या इंदिरानगरात वाढलेली बाई, कांदा ठाऊक तो चिरण्यापुरता. मामांनी फोन चालू ठेवूनच हमालांना हाळी दिली, "तारा सोडा रे! दारं गच्च लावा. माझी भाची सांगतीय, लय शिकलेली हाय ती." केवढा अभिमान होता त्या आवाजात.

डबे हिरवे झाले, ते गाडी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत हिरवेच राहिले. तिथं दारं उघडली तर गोण्यांतून पाणी गळत होतं आणि वासानं कुणाला उभं राहवेना. ज्याचा माल होता त्या व्यापाऱ्यानं इकडे लासलगावात मामांना चारचौघांत विचारलं, "जन्म गेला कांदा भरण्यात, अन् फट ठेवायची कळत नाही?" दुसऱ्या दिवसापासून मुकादम बदलला.

रविवारी मी लासलगाव गाठलं. "मामा, मी सांगते त्यांना. दारं मी लावायला लावली."

मामा बशीत चहा ओतत होते. "गप बस. तुझं नाव मी घेतलंच नाय. म्हातारा चळला म्हणतात, म्हणू दे. तुझी नोकरी नवी हाय."

मी हट्ट धरायला हवा होता. नाही धरला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. लाज वाटते त्याची, पण वाटलं.

सोमवारी साहेबांनी त्या गाडीचा अहवाल मागितला. मी लिहिला: सर्व दारं पूर्ण बंद, दोष आढळला नाही. आणि खाली सही केली.