चष्म्यावरची वाफ

माझा दादा चष्मेवाला. चष्मे विकणारे पुष्कळ असतात, हा चष्मा चेहऱ्यावर बसवून देणारा. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की दादा आपली खुर्ची पुढे ओढतो, इतकी की दोघांचे गुडघे भिडतात. मग कानामागे बोटं घालून दांडी चाचपायची, ती गरम करून जराशी वाकवायची, पुन्हा चढवून बघायची. आणि शेवटी त्याचा तो ठरलेला प्रकार. चष्मा तोंडाशी धरून पोटातून 'हा' करायचं, दोन्ही काचांवर वाफ सोडायची, मऊ फडक्यानं पुसायचं आणि काच कोमट असतानाच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर ठेवायची. "आता बघा जग!" काचा पुसायच्या पाण्याच्या बाटल्या कपाटात धूळ खात पडलेल्या. विचारलं तर म्हणणार, "त्यानं डाग जातात, लकाकी येत नाही." लोकांनाही हे आवडायचं. 'वाफेवाले' असंच नाव पडलं होतं त्याचं.

मी त्याची धाकटी बहीण. वहिनी गेल्यापासून खालचं दुकान आणि वरचं घर, दोन्हीकडे माझी लुडबूड असते. दादाला चार शब्द सुनावायचा हक्क माझ्याशिवाय कुणाला नाही आणि मी तो पुरेपूर वापरते.

त्या थंडीत त्याची मुलगी आमच्याकडे होती. जावयाचं काम दूरवरचं आणि हिला आठवा महिना. दादा तिला तळहातावरच्या फोडासारखा जपत होता. जिना उतरू नकोस, बादली उचलू नकोस, गार पाणी पिऊ नकोस. एवढी एकच मुलगी, आणि तिचं हे पहिलंच.

एक डॉक्टरबाई चष्मा न्यायला आल्या होत्या. भाचीकडे बघून त्यांनी विचारलं, "फ्लूची लस घेतलीस का गं? साथ आहे यंदा. अशा दिवसांत फ्लू जड जातो. आणि आईनं लस घेतली की बाळालाही पहिले काही महिने आधार मिळतो."

दादा हसला. "सर्दीला कसली हो लस? नाक गळतं आणि थांबतं."

"फ्लू म्हणजे सर्दी नव्हे," बाई म्हणाल्या. पण तोवर यानं त्यांच्या चष्म्यावर 'हा' केलंसुद्धा. भाचीनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय तिथंच संपला.

पुढं थोड्याच दिवसांनी दादा सकाळी उठला तो कण्हतच. सर्दी कशी हळूहळू येते, हे एकदम आलं. अंग ठेचून काढल्यासारखं, थंडी वाजून ताप, कोरडा खोकला. गोळी घेतली, घाम फुटला, ताप उतरला, आणि हा शर्ट घालून दुकानात हजर.

"वर जा आणि दार लावून पड," मी म्हटलं.

"ताप गेलाय की! हात लावून बघ."

कपाळ खरंच गार होतं. मी तणतणले, त्यानं नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दिवसभर हा मुठीत खोकत होता, मूठ पँटला पुसत होता आणि त्याच हातानं लोकांच्या नाकावर चष्मे चढवत होता. संध्याकाळी भाची खाली आली, तिच्या चष्म्याची दांडी ढिली झाली होती. तिच्या पोटामुळे खुर्ची पुढे ओढता येईना, तेव्हा तो बाजूला टेकला. दांडी घट्ट केली, काचांवर वाफ सोडली, पुसली.

"बघितलं हो बाबा जग," ती हसत म्हणाली.

आधी मी पडले. हाडं मोडल्यासारखी दुखत होती, छताला शिव्या घालत लोळले आणि उठले. मागोमाग भाची पडली, ती मात्र उठली नाही. तिला आडवं झालं की श्वास पुरेना. ओठ काळसर दिसायला लागले तशी आम्ही गाडी केली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे, फुप्फुसात उतरलाय. नाकाला नळी लावली, औषध सुरू केलं. हेच औषध पहिल्या एक-दोन दिवसांत दिलं तर जास्त लागू पडतं, असंही म्हणाले.

त्या डॉक्टरबाई तिथंच कामाला होत्या. व्हरांड्यात भेटल्या. दादा हात जोडून उभा राहिला. "पण ताप उतरला होता हो माझा!"

"ताप गोळीनं उतरला, विषाणू कुठं उतरला?" बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "खोकताना, अगदी बोलताना बारीक थेंब उडतात, ते समोरच्याच्या नाकातोंडात जातात. हातावर बसतात, तो हात डोळ्याला लागला की झालं. आणि दुखणं कळायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस ते वाटत असतो. म्हणून लस आधी घ्यायची, आणि आजारी पडलं की वेगळ्या खोलीत राहायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या, खोकताना कोपर तोंडाशी धरायचं, हात धूत राहायचं. हे सगळं बाजूच्या माणसासाठी असतं."

"म्हणजे माझ्या वाफेनंच..."

"वाफेनं, खोकल्यानं, एका खोलीत बसल्यानं. किंवा तपासणीच्या रांगेत दुसऱ्याच कुणाकडून. हे आता कुणीच सांगू शकणार नाही."

मला वाटलं, हे ऐकून त्याला बरं वाटेल. पण त्याचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. 'हो, तुमच्यामुळेच' म्हटलं असतं तर तो भिंतीवर डोकं आपटून मोकळा झाला असता. आता त्याला मोकळं व्हायची सोयच राहिली नाही.

बाळाला वेळेआधी काढावं लागलं. मुलगी. मुठीएवढी, काचेच्या पेटीत. माझी भाची मरता मरता वाचली. घरी आली ती जिन्याच्या दर पायरीला धापा टाकत. बाळ त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं.

दादानं त्याआधी वरच्या सगळ्या खिडक्या खटपट करून उघडत्या केल्या. घरातल्या सगळ्यांनी लस टोचून घेतली, पहिला हात त्यानं पुढे केला. दुकानात बाटलीतलं पाणी वापरायला लागला. कुणी खोकत आलं तर "बरे होऊन या, चष्मा कुठं पळत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवतो. जुनी गिऱ्हाइकं चिडवतात, "वाफेवाले, वाफ संपली का?" तो बाटलीचं बूच उघडतो आणि काच पुसायला घेतो.

बाळ आलं त्या दिवशी दादा खडखडीत बरा होता, कधीचाच. तरी बाजूला उभा. भाची म्हणाली, "बाबा, घ्या ना. सारखं काय दुरून बघता?"

तो जाऊन हात धुऊन आला. परत गेला, परत धुऊन आला. मग बसला आणि मी बाळ त्याच्या हातांवर ठेवलं. त्यानं तिला जवळ घेतलं, वाकून तिचं तोंड न्याहाळलं. मला छान वाटत होतं, पण काहीतरी खटकत होतं. त्याचा चेहरा लाल व्हायला लागला, मानेची शीर फुगली, आणि माझं लक्ष त्याच्या छातीकडे गेलं. ती हलतच नव्हती.

"दादा, अरे, श्वास घे!"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं. बाळ सावकाश माझ्याकडे दिलं, तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि मग घेतला.