ह कुठी गेला

मले त्या सरांचा आजबी राग येते, पहिलेच सांगून ठेवते.

गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजात चित्रांचं प्रदर्शन होतं. सगळ्यांनी जंगल, मोर, वाघ काढले. मी शब्द छापला. एकच! भला मोठा पांढरा कागद अन् मधात काळ्या शाईत 'नाई'. बस. शिरोरेषा तेवढी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली, दोरीवर एकटंच लुगडं वाळून राह्यलं असं दिसे. सावली गावात लग्नपत्रिका छापतात त्या दुकानात जाऊन छापला, कोपरापर्यंत शाई!

घरी वाळत टाकला त तांदूळ निवडता निवडता मायनं वाचला.

"कोनाले नाई म्हनून राह्यली वं?"

समजलं ना तिले! झालं!

पन आमचे चित्रकलेचे सर पुन्याकडले. पहिल्या दिवशी मी 'मले' म्हन्तलं, तेव्हापासून मी तोंड उघडलं का हे हसायले तयार. कागद भिंतीवर लावला त म्हने, "हे काय, सलूनची पाटी?"

सगळा वर्ग खी खी खी. माही मैत्रीनबी कानात म्हन्ते, "कटिंग कितीले वं?"

"सर, नाई म्हन्जे नाई," मी म्हन्तलं.

"नाही! ह कुठे गेला?"

"आमच्या इथी तो बोलन्यात येतच नाई, सर."

"मग आण. जागा भरपूर आहे की, मध्ये एक ह सहज बसेल."

बसेल म्हने! माह्या कागदात ह बसवून राह्यला हा मानूस! ते जागा उरलेली नव्हती, मी ठेवली होती. पोरगी नाई म्हन्ते तेव्हा घरात सगळे कसे चुप होतात, ते चुप छापलं होतं मी.

उद्घाटनाच्या सकाळी पाहते त कागदाखाली सरांनी टाईप केलेली चिठ्ठी. माहं नाव, माहा वर्ग, अन् शीर्षक: 'नाही'. मले न विचारता! मी तशीच सरांकडे गेली.

"सर, चिठ्ठी बदला."

"तू चित्र बदल. पाहुण्यांसमोर अशुद्ध चालणार नाही. ह टाकतेस की उतरवू?"

"टाकत नाई."

त्यांनी चर्रकन ओढला. एक कोपरा फाटून टेपसोबत भिंतीवरच राह्यला. मी कागद हिसकला, गुंडाळला अन् बगलेत धरून तिथंच उभी राह्यली. जाते कायले?

पाहुणे आले. वाघ पाहिले, मोर पाहिले, अन् माह्या जागेपाशी थांबले. वर कोरी भिंत, टेपचे तुकडे. खाली चिठ्ठी. मोठ्यानं वाचली त्यांनी. माहं नाव, माहा वर्ग, 'नाही'.

"नाही म्हणजे? का नाही?" त्यांनी सरांना विचारलं.

सर लालबुंद. माह्याकडे असे पाहून राह्यले का मीच धावत जाऊन ते चिठ्ठी काढीन.

मी काऊन काढू? शुद्ध होती ना!