काकाजी नेमके कोणाचे?

बिछायतवाल्या काकाजींनी कुठल्याही पुढाऱ्याचं तोंड कधी जमिनीला लागू दिलं नाही. हे मी कौतुकाने लिहितो आहे असं समजू नका. बरीच वर्षं मला त्यात कौतुकासारखं काही दिसलंच नव्हतं. निवडणूक संपली की आमच्या रिसोड तालुक्यात पुढाऱ्यांचे फ्लेक्स कामाला लागतात. कोणी सोयाबीनच्या गंजीवर पडतो, कोणी न्हाणीच्या भोवती उभा राहतो. हात जोडून हसणारा उमेदवार पुढच्या निवडणुकीपर्यंत बकऱ्यांच्या लेंड्या झेलत असतो. काकाजींकडेही असे ढीगभर फ्लेक्स होते, खुर्च्या आणि गाद्या झाकायला. पण त्यांच्याकडचा प्रत्येक फ्लेक्स एकाच पद्धतीने घडी घातलेला असायचा, चेहरा आत आणि पांढरी पाठ बाहेर. मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

मी एकदा विचारलं, "काकाजी, हा तर आपल्या विरोधातला. ह्याचं तोंड कायले झाकून राह्यले?"

"झाकून नाई राह्यलो बे," ते म्हणाले. "त्याच्यावर पाय पडू नये म्हून घडी करून राह्यलो."

रिठदच्या रस्त्याला त्यांचं बिछायत केंद्र होतं. सतरंज्या, गाद्या, लोड, खुर्च्या, मंडप, माइक. लग्न असो की तेरवी, सामान त्यांच्याकडूनच यायचं, आणि सभा कुठल्याही पक्षाची असली तरी लोक त्यांच्याच सतरंजीवर बसायचे. आता सांगा, अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा? मी चळवळीच्या पत्रकांच्या घरात वाढलो. आमच्याकडे देवघर नव्हतं, पत्रकांचं कपाट होतं. अक्षरं मी त्यातल्या मथळ्यांवर शिकलो. बाबा सांगायचे, "जो सगळ्याईशी गोड बोलते, तो कोनाले तरी इकून राह्यला समज." मी हे वाक्य पाढ्यासारखं पाठ केलं होतं आणि काकाजींकडे त्याच वाक्यातून पाहत होतो.

ते मयतीच्या सतरंजीचं भाडं घेत नसत. कोणाच्याही घरची मयत असो. विरोधी पॅनलच्या माणसाच्या दारातही ते स्वतः सतरंजी खांद्यावर टाकून जात, ती पसरत आणि एका कडेला बसत. आम्ही पोरं कुजबुजायचो की म्हातारा मतं पेरतो आहे. पण ते कधी उभे राहिले नाहीत, कधी कोणासाठी तिकीट मागितलं नाही. मग आमचा संशय आणखी वाढला. ज्याला काही नको, त्याला नक्की काय हवं असतं?

बोलण्याची त्यांची एक तऱ्हा होती. आपल्या माणसाला "अबे बह्याडा" म्हणून हाक मारायची आणि ज्याच्याशी भांडण असेल त्याला अदबीने बोलायचं. माझा दोस्त विष्णू वैतागायचा, "काकाजी, आमाले शिव्या आन त्याईले राव-साहेब?" त्यावर काकाजी हसायचे. "तू घरचा हायेस. घरच्याले शिवी बी चालते, मार बी चालते. बाहेरच्याले आधी पानी द्या लागते, मंग भांडा लागते."

मग गायरानाचं प्रकरण आलं. गावाचं गायरान, ज्याला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात, एका सोलर कंपनीला भाड्याने द्यायचा ठराव ग्रामसभेपुढे यायचा होता. माजी सरपंच बबनराव त्या ठरावाच्या मागे होते. ज्यांना शेत नाही त्यांच्या बकऱ्या त्याच गायरानात चरतात. विष्णूचं घर त्या बकऱ्यांवर चालतं. कुंपण लागलं असतं तर त्याच्या आईने बकऱ्या बाजारात नेल्या असत्या आणि विष्णूने पुण्याची गाडी धरली असती. एवढं सरळ होतं ते.

मी बबनरावांवर पत्रक लिहिलं. मथळा होता, 'सोलरशेठ, गायरान तुमच्या बापाचं आहे काय?' बाबांनी ते वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. काकाजींनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि दोनदा वाचला.

"लिवलं चांगलं. पन बाप कायले आनला मंधात?"

"काकाजी, म्हणायची रीत हाये ती."

"त्याचा बाप म्या पाह्यला हाये. भला मानूस होता."

पत्रक त्यांनी परत दिलं. वाटू नको म्हणाले नाहीत, वाटतो म्हणालेही नाहीत. त्याच आठवड्यात कंपनीच्या माणसांची बैठक बबनरावांच्या अंगणात झाली, आणि खुर्च्या गेल्या त्या काकाजींच्या. विष्णू धावत माझ्याकडे आला. "इकला गेला बुढा. म्या डोयानं पाह्यलं, खुर्च्या उतरून राह्यला होता."

मी तडक दुकानावर गेलो. काकाजी गादीची शिवण उसवत बसले होते.

"तुमी त्याईले खुर्च्या देल्ल्या?"

"देल्ल्या."

"काहून?"

"बसाले." मान वर न करता ते म्हणाले. "खुर्च्या देल्ल्या बापा, मत देल्लं काय?"

याला उत्तर म्हणायचं की चकवा, हे मला ठरवता आलं नाही. मी चकवा धरला.

ग्रामसभेच्या सकाळी आमच्या पोरांनी एक बेत केला. बबनरावांचा मागच्या निवडणुकीतला फ्लेक्स कोणाच्या तरी गोठ्यावरून काढून आणला आणि मंडपाच्या तोंडाशी पायपुसण्यासारखा अंथरला. हात जोडलेले, हसणारे बबनराव, बरोबर चपला पडतील अशा ठिकाणी. लोक यायला लागले. कोणी हसत वरून गेलं, कोणी कडेने गेलं. बबनरावांच्या भावकीतली कौसाबाई आली, खाली पाहिलं आणि जागेवरच थांबली. तिच्याही बकऱ्या त्याच गायरानात चरत; पण तिच्या घरचं मत आजवर बबनरावांच्या पॅनलबाहेर कधी गेलं नव्हतं. ती मागे वळणार, इतक्यात माइकची वायर सोडून काकाजी आले. वाकले, फ्लेक्स झटकला, चेहरा आत करून घडी घातली आणि काखेत धरला.

"या, कौसाबाई. सावलीत बसा," म्हणाले.

विष्णू भडकला. "काकाजी, आज सांगूनच टाका, तुमी कोनाकून हाये?"

"तुह्याकून हावो बह्याडा. म्हून त उचललं."

सभा सुरू झाली. ठराव वाचला गेला. बबनराव बोलले, विकास, वीज, गावाचं उत्पन्न. आमच्याकडून मी बोलणार होतो, भाषण लिहून आणलं होतं. पण माइक काकाजींच्या हातात होता आणि तो त्यांनी मला दिला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी माइक लावणारा माणूस पहिल्यांदा त्यात बोलला. मला वाटलं, आता हा समेट करणार, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं ऐका म्हणणार, आणि गायरान जाणार.

"बबनराव," ते म्हणाले, "तुमचे वडील याच गायरानात गुरं चारत. म्या लहानपनी त्याईच्या संग बसून भाकर खाल्ली हाये. तुमाले हे ठाऊक नाई असं नाई. तुमी विसरले असंबी मी म्हनत नाई. तुमी जानूनबुजून हे इकून राह्यले. कंपनीनं तुमाले काय कबूल केलं ते सभेत सांगा. सांगता येत नसन, त ठराव मागं घ्या. मी तुमचा मान ठेवतो, पन गायरान देत नाई."

मी माझ्या भाषणाचा कागद पाहिला; त्यात याच्या निम्मंही बळ नव्हतं. बबनराव उठले आणि 'मतदान घ्या' एवढंच म्हणून बसले.

हात वर झाले. ठरावाच्या बाजूने बबनरावांच्या गल्लीतले बरेचसे हात आले, पण कौसाबाईचा आला नाही. तिच्या शेजारच्या दोघींचा आला नाही. विरोधात हात मागितले तेव्हा त्या तिघींनी पदर सावरून हात वर केले. ठराव पडला.

मी कौसाबाईला बाहेर गाठलं. काकाजींनी आधी घरी येऊन सांगितलं होतं का, हे मला जाणून घ्यायचं होतं. ती माझ्याकडे पाहून फणकारली. "मले कोनी शिकोत नाई. मत त्याईचं, पन बकऱ्या माह्या."

मग मी काकाजींकडे गेलो. "फ्लेक्स उचलला तो कौसाबाई परत जाऊ नये म्हणूनच ना? चांगली चाल होती."

त्यांचा चेहरा उतरला. "चाल? मानसाच्या तोंडावर चपला पडून राह्यल्या होत्या. कौसाबाई नसती तरी उचललं असतं." आणि ते सतरंज्या गोळा करायला लागले. मला हे उत्तर पटलं नाही. इतकं साधं काही असू शकतं यावर माझा विश्वास नव्हता.

जिंकलो आम्ही, हरले काकाजी. बबनरावांच्या भावकीने त्यांचा मंडप बंद केला. लग्नांचं सामान शेजारच्या मालेगावहून यायला लागलं. आणि आमच्या बाजूने? विष्णूने बहिणीच्या लग्नाला दुसऱ्याकडून गाद्या आणल्या. म्हणाला, "दोन्ही डगरीवर हात ठेवणारा मानूस हाये तो." काकाजींकडे उरल्या त्या मयती. त्या मात्र कोणीच दुसरीकडे नेल्या नाहीत. वर्षभरात त्यांनी दुकान मोडलं आणि लेकीकडे धनजला जायचं ठरवलं.

शिरपूरच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. जैन मंदिराचे यात्रेकरू उतरत होते, काकाजी गठुड्यावर बसले होते. मला राहवलं नाही.

"काकाजी, जाता जाता खरं सांगा. तुमी आमचेच होते ना?"

त्यांना राग आला. तेवढ्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. "मताले म्या हात वर केला तवा तू बाजूलेच होता. पाह्यलं ना? मंग आता काय रक्त तपासतं?" गाडी लागली. चढताना मागे वळून म्हणाले, "चांगलं लिवतं तू. पन ज्याच्याबद्दल लिवतं, त्याले आधी वाचाले देत जाय."

या वर्षी कंपनीचा अर्ज पुन्हा आला आहे. मी नवं पत्रक लिहिलं, आधीच्यापेक्षा कडक. छापायला देण्याआधी ते घेऊन बबनरावांच्या दारात गेलो. ते ओसरीवर होते. कागद घेतला नाही, आधी मला खालून वर पाहिलं.

"कोनं पाठोलं तुले?"

"कोणीच नाही."

"माह्या इरोधात लिवलं, आन मलेच आनून देऊन राह्यला? डाव काय हाये तुहा?"

"डाव नाही. गायरान देणार नाही आम्ही. काय म्हणतो ते तुम्ही आधी वाचा."

त्यांनी उभ्यानेच वाचलं. दोनदा. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "हे खोटं हाये. कंपनीच्या लोकाईसंग वाशिमले मी नवतो गेलो. त्या दिवशी माही बायको दवाखान्यात होती. बाकीचं तुमी म्हना, म्या त्याचं उत्तर सभेत देईन."

मी चौकशी केली. दवाखान्याची गोष्ट खरी होती. घरी आलो आणि ते एक वाक्य खोडलं. बाकीचं सगळं जसंच्या तसं छापायला दिलं.