सुकलाल नाना आणि माझा खोकला

सुकलाल नाना गाडीत कुणाला बिडी ओढताना पाहिलं की ओरडत नसत. आधी घंटीची दोरी ओढत. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली की त्या माणसाजवळ जाऊन, लग्नाचं आमंत्रण द्यावं इतक्या अदबीनं म्हणत, "भाऊ, खाले चाल. मी बी येस संगे." माणूस गोंधळून उतरे. नाना त्याच्या शेजारी उभे राहत. रागावणं नाही, उपदेश नाही. कपाशीवरची बोंडअळी, पाऊसपाणी, पोरीचं लग्न, जो विषय निघेल तो. वर पन्नास माणसं खिडक्यांतून त्या एका बिडीकडे बघत बसलेली. एवढ्या डोळ्यांसमोर बिडी शेवटपर्यंत ओढणारा माणूस मी क्वचितच पाहिला. दोन झुरके झाले की तो ती चपलेखाली चिरडे आणि मान खाली घालून वर चढे. मग नाना दोनदा घंटी वाजवत.

अमळनेरहून सकाळी धुळ्याला जाणाऱ्या एस.टी.चे ते कंडक्टर. मी त्या रस्त्यावरच्या एका गावात, एका संस्थेच्या शाळेत नुकतीच शिक्षणसेवक म्हणून लागले होते. माहेर जळगावचं, अमळनेरला खोली भाड्यानं घेतलेली. लहानपणापासून दमा. पहिल्याच दिवशी मागच्या सीटवर कुणीतरी बिडी पेटवली आणि मला जी उबळ आली ती थांबेना. नानांनी गाडी थांबवली, त्या माणसाला खाली नेलं, आणि परत आल्यावर मला ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या जागेवर त्यांचा रुमाल टाकलेला असे. मी चढले की ते तो उचलून खांद्यावर घेत आणि पास बघत. पास रोज तोच, तरी रोज बघत.

या थांबण्यावरून गाडीत रोज वाद होई. तेलाच्या गिरणीतून निवृत्त झालेले भिला आप्पा बिडीवाल्यांचे पुढारी. ते म्हणत, "नाना, तिकीट काढेल शे ना मी? मंग मी कसाबी बसू!"

"तिकीट सीटनं शे आप्पा, हवानं नही," नाना मशीनमधून दुसऱ्याचं तिकीट काढता काढता म्हणत.

धुळ्याला कायद्याच्या वर्गाला जाणारा एक मुलगा होता. त्याला ही सगळी पद्धतच मान्य नव्हती. "नाना, बंदीचा कायदा आहे. सरळ दंड करा. एका माणसासाठी पन्नास जणांचा वेळ कशाला घालवता?"

नाना हसले होते. "दंड भरा का मानूस मोकळा व्हस, दादा. पैसा देस नि आखो बिडी लावस. लाज वाटनी तं मोकळा व्हत नही."

गंमत म्हणजे नाना स्वतः बिडी ओढत. धुळ्याला गाडी लागली की स्टँडच्या भिंतीपलीकडे, रस्त्याच्या कडेला उभं राहून एक बिडी. आप्पांनी एकदा त्यांना तिथं पकडलं आणि दुसऱ्या दिवशी भर गाडीत जाहीर केलं. मला वाटलं, नाना आता ओशाळतील. ते म्हणाले, "म्हनीसन तं मी संगे उतरस. एकला उतारा तं त्याले वाटी, आपले हाकली दिधं." सगळी गाडी हसली. आप्पाही हसले. त्यानंतर गाडी थांबली की आप्पा नानांनी बोलावण्याआधीच उतरू लागले.

तो दिवस माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षातल्या डिसेंबरमधला होता. थंडीमुळे सगळ्या खिडक्या लावलेल्या. पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ चढले. त्यांची जीप बंद पडली होती म्हणून नाइलाजानं एस.टी.त आलेले. मी त्यांना ओळखत होते. आमच्या संस्थेच्या सचिवांचे ते मेहुणे. शाळेच्या इमारतीचं काम त्यांच्याचकडे होतं. ते माझ्या मागच्याच सीटवर बसले आणि दोन किलोमीटरवर त्यांनी सिगारेट पेटवली. मी रुमाल नाकाला लावला, श्वास धरून बघितला, पण खोकला काही धरता येत नाही.

गाडी थांबली. नाना आले. "भाऊ, खाले चाला. मी बी येस संगे."

"तू ओळखतो का मला?"

"वळख तं व्हई जाई. खाले चाला, तठेच करी लिऊत."

कुणीतरी हसलं. ते हसू त्या माणसाला झोंबलं. तो ताडकन उठला, उतरला. नाना मागोमाग. मी खिडकीची काच सरकवून घेतली होती, मला हवा हवी होती. म्हणून मी सगळं पाहिलं आणि सगळं ऐकलं. त्या माणसानं सिगारेट पूर्ण ओढली, आणि तिच्याच निखाऱ्यावर दुसरी पेटवली. नाना म्हणाले, "भाऊ, दुसरी धुळाले उतरीसन लावा. मानसं खोळंबनात." तो हलला नाही. नानांनी तीनदा विनवलं. तिसऱ्यांदा हात जोडले. तो म्हणाला, "जा, ने तुझी गाडी. बघतो मी तुला." नानांनी त्याला बोटही लावलं नाही. ते चढले, दारात क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहिलं, आणि दोनदा घंटी वाजवली.

त्या दिवशी गाडीत केवढा उत्साह होता! आप्पा उभे राहून म्हणाले, "नाना, काही व्हयनं तं आमी बठ्ठा, पुरी गाडी, तुमना संगे शेतस." कायद्यावाला मुलगा म्हणाला, मी साक्ष देईन. मीही म्हणाले. नानांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, पाणी शे का? घोटभर प्या."

आठवड्यात तक्रार झाली. कंडक्टरनं शिवीगाळ केली, ढकलून उतरवलं, आडरस्त्यात सोडून दिलं. ड्रायव्हर नानांच्याच बाजूनं बोलणार, म्हणून त्याच्या शब्दाला वजन नव्हतं. नानांनी साक्षीदार म्हणून प्रवाशांची नावं दिली. पहिलं माझं. ज्या खोकल्यावरून सुरू झालं तो माझा होता, आणि पासमुळे माझा पत्ता आगारात नोंदलेला होता.

लेखी जबाब द्यावा असं एस.टी.चं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मुख्याध्यापकांनी ते मला स्वतः आणून दिलं. पाकीट फोडलेलं होतं. ते वाईट नव्हते, नुसते थकलेले होते. म्हणाले, "मॅडम, मी काही सांगत नाही. तुमची तीन वर्षं मार्चमध्ये भरतात. कायम करायचा प्रस्ताव सचिवांच्या टेबलावर जायचा आहे. एवढीच आठवण करून देतो."

मी भिला आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "आमी आडानी मानसं. तुमी शिकेल शेतस, तुमी लिखा, तेच चाली." कायद्याच्या मुलाची परीक्षा होती. सगळे माझ्यावर विसंबून, आणि मी मनात त्यांच्यावर. नंतर कळलं की एकाही प्रवाशाचा जबाब गेला नव्हता. माझा सोडून.

मी चार मसुदे केले. पहिल्या तिन्हींत खरं होतं. घरी आईला फोन केला, तिला काही सांगितलं नाही, नुसती तिची विचारपूस केली. वडिलांच्या मागे ती माझ्या नोकरीकडे डोळे लावून होती हे खरं आहे. पण तो फोन मी स्वतःला कारण मिळावं म्हणून केला होता, हेही खरं आहे. चौथा मसुदा दोन ओळींचा होता. "मी खोकत असल्यामुळे माझे बाहेर लक्ष नव्हते. काय घडले ते मला सांगता येणार नाही."

मराठीची शिक्षिका मी. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात.

चौकशीत जबाबाची प्रत नानांना मिळाली असणार. पुढचा महिनाभर, निकाल लागेपर्यंत, गाडीवर तेच होते. मी चढले की सीटवर रुमाल असे. ते तो उचलत, पास बघत. काहीच बदललं नव्हतं, आणि मला तेच सोसेना. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मी अर्धा तास उशिरा निघणाऱ्या काळीपिवळीनं जाऊ लागले. तिच्यात दहा माणसं कोंबलेली असत आणि ड्रायव्हर स्वतः सिगारेट ओढे. मी खोकत जाई. पण तिथं माझा पास कुणी बघत नव्हतं.

नानांची वेतनवाढ रोखली गेली आणि बदली झाली शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या मुक्कामी गाडीवर. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी ते इतकी वर्षं रोज घरी जात. आता आठवड्यातून एकदा. जाण्याआधी आप्पांनी त्यांना गाडीतच नारळ आणि टॉवेल दिला म्हणे. मी त्या दिवशीही काळीपिवळीतच होते.

मार्चमध्ये मी कायम झाले.

नाना गेल्यावर मी पुन्हा एस.टी.नं जाऊ लागले. नव्या कंडक्टरच्या डोक्यावर धूम्रपानबंदीची पाटी होती आणि तिच्या खाली बसून लोक बिडी ओढत. मी एकदा त्याला म्हणाले, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा ना त्यांना." मी सांगितलं नाही. आप्पांनी मात्र गाडीत पुन्हा कधी बिडी लावली नाही. त्यांनी माझ्याशी बोलणंही सोडलं. त्यांनी स्वतः जबाब दिला नव्हता हे मला माहीत होतं, पण ते तोंडावर म्हणण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

सहा-सात वर्षांनी दहावीच्या पेपरतपासणीच्या कामासाठी शिरपूरला गेले होते. परतीच्या गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात स्टँडच्या फाटकाबाहेर नाना दिसले. केस पांढरे झालेले, अंगानं खूपच उतरलेले. मला बघताच त्यांनी हातातली बिडी विझवली आणि धूर निघून जावा म्हणून हातानं वारा घातला. मी जवळ गेले. इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य होतं, ते घशाशी आलं.

त्यांनी आधी विचारलं, "खोकला कसा शे, मॅडम?"

"बरा आहे. औषध चालू आहे."

"नि परमनंट झाल्या ना?"

"झाले नाना. त्याच वर्षी."

त्यांनी मान हलवली. "मंग बरं झालं. नहीतं तुमनं बी गयं असतं नि मनं बी. एकनं तं वाचनं."

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांचा चेहरा पुन्हा पुन्हा आठवून पाहिला आहे. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं, रडता आलं असतं, पाया पडता आलं असतं. त्यांनी सगळं आधीच समजून घेतलं होतं आणि माझ्यासाठी बोलायला काही ठेवलंच नव्हतं. माझी गाडी लागली. ते म्हणाले, "पुढं बसा, खिडकीशी." मी गेले. वाक्य तसंच राहिलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत ते गेले. भिला आप्पांनी एवढ्या वर्षांनी फोन केला, एवढंच म्हणाले, "सुकलाल गया. परवा दहावं शे." मी दहाव्याला गेले नाही. घर माणसांनी भरलेलं असतं, तिथं दोन शब्द बोलून सुटता येतं. मी पंधरा दिवसांनी गेले.

त्यांच्या पत्नी, शेवंताअक्का, ओसरीवर एकट्या शेंगा फोडत होत्या. मी नाव सांगितलं. ओळखल्याची खूण दिसली नाही त्यांच्या चेहऱ्यावर. नानांनी घरी बदली झाली एवढंच सांगितलं होतं, का झाली ते नाही. मग मी सगळं सांगितलं. सिगारेट, तीनदा केलेली विनवणी, पत्र, चार मसुदे, दोन ओळी. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. मधेच त्यांचे हात थांबले.

"आठ वरीस ते डोंगरमा राह्यनात," त्या म्हणाल्या. "मनी सासू गयी तवय बी गाडीवर व्हतात. सकायले घर उनात."

त्यांनी पुन्हा एक शेंग उचलली.

"हाई त्यासले सांगनं व्हतं, मॅडम. माले सांगीसन काय उपेग?"

त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, आता निघावं. पण त्या चहा घेऊन आल्या. मी तो प्याले. कप घेऊन मोरीकडे जायला उठले तेव्हा वाटलं, त्या म्हणतील, राहू द्या. खानदेशात कुठल्याही घरी पाहुणीला कप विसळू देत नाहीत, हातातून ओढून घेतात.

त्या जागच्या हलल्या नाहीत. मी कप विसळला, पालथा घातला, आणि निघाले.