पट्टा कुणी ताणला?

सुखदेवभाऊ गेल्याचं मला वंदनाताईंनी सांगितलं. त्या आमच्या डाळ मिलमध्ये पॅकिंग मशीनच्या ऑपरेटर. जेवणाची सुट्टी संपली होती, मशीन सुरू करायची वेळ झाली होती, आणि त्या बटणाजवळ हात नेऊन तशाच उभ्या राहिलेल्या. "मॅडम, वडनेरहून फोन आला. भाऊ गेले. सकाळी वावरातून आले, पानी मांगतलं, अन्..." त्याला आता दीड महिना होत आला. या दीड महिन्यात मी त्यांच्याबद्दल पुष्कळांशी बोलले, पण जे बोलायला हवं होतं ते ज्यांच्याशी बोलायला हवं होतं, ते आता नाहीत.

सुखदेव इंगळे आमच्या खामगावच्या मिलमध्ये फिटर होते. वडनेर भोलजीहून रोज एस.टी.नं यायचे आणि पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत हातात ब्रश घेऊन मशीनजवळ बसलेले असायचे. मी बुलडाण्याहून इंजिनिअरिंग करून तिथे प्रॉडक्शन इन्चार्ज म्हणून लागले, तेव्हा नवी पॅकिंग लाइन नुकतीच बसली होती. भरलेली पिशवी सीलच्या जागी नेणारी एक सरकती गाडी तिच्यात होती. रुळावर धावणारी, दात्यांच्या पट्ट्यानं ओढली जाणारी. कागदोपत्री ती लिनियर अ‍ॅक्च्युएटर, पण मिलमध्ये सगळे तिला नुसतं 'गाडी' म्हणायचे.

मी पुस्तकातून आलेली, त्यामुळे पट्ट्याचा ताण मला आकड्यात माहीत होता. भाऊंना तो बोटात माहीत होता. मेन स्विच बंद करायचे, गाडी हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकवायचे, कुठे अडते का बघायचे. मग पट्टा मधोमध बोटानं छेडून कान द्यायचे. "लय टणटण बोलला तं बेअरिंग खाते, अन् ढप्प बोलला तं दात उडी मारते," असं म्हणायचे. टोकाच्या पुलीचे दोन ताणस्क्रू कधी एकदम फिरवायचे नाहीत. एक पाव फेरा इकडे, एक पाव फेरा तिकडे, नाहीतर पुली तिरपी होते आणि पट्टा एका काठाला घासत राहतो. रुळाला तेलाचा पुसट हात, पट्ट्याला मात्र थेंबही नाही. एकदा मी डाळीची भुकटी उडवायला हवेचा पाइप उचलला, तर त्यांनी तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला. "हवा मारली का भुकटी बाहीर नाही येत मॅडम, आत जाते." मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि सगळ्यांसमोर शिकवलेलं मला झोंबलं. ते त्यांना कळलं असावं, कारण त्यानंतर जे सांगायचं ते बाजूला नेऊन सांगायचे.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. गाडी सीलच्या जागेच्या थोडी अलीकडेच थांबायला लागली, पिशव्यांची तोंडं वाकडी चिकटायला लागली. भाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "पट्टा ढिला नाही झाला. मोटरवरची पुली सरकून राह्यली. तिचा स्क्रू उघडून पक्का करा लागते. दोन घंटे द्या मले."

दोन तास मशीन बंद ठेवायला मी तयार नव्हते. ट्रक दारात उभा होता, शेठ दर अर्ध्या तासाला विचारत होते. "पट्टाच ताणू या," मी म्हटलं.

"ताणला तं बेअरिंग जाईन मॅडम. आज नाही तं परवा."

मी त्यांच्या हातातला पाना घेतला आणि दोन्ही स्क्रू स्वतः आवळले. ते बाजूला झाले. गाडी जागेवर थांबायला लागली आणि मला जिंकल्यासारखं वाटलं... तिसऱ्या दिवशी टोकाचं बेअरिंग जाम झालं, पट्ट्याचे दात सोलून निघाले. सुटे भाग पुण्याहून येईपर्यंत ऐन दिवाळीत लाइन चार दिवस बंद.

शेठ मशीनजवळ आले. "एवढा पट्टा कुणी ताणला?" त्यांनी विचारलं. भाऊ माझ्या शेजारी उभे होते. मी म्हटलं, "मेंटेनन्सनं."

एकच शब्द. मेंटेनन्स म्हणजे तिथे एकच माणूस होता.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गोदामातल्या पोत्यांच्या कन्व्हेअरवर टाकलं. तिथूनच ते निवृत्त झाले. पण गाडी अडली की मी गोदामात जायचे, आणि ते हातातलं काम ठेवून यायचे. निवृत्तीनंतर एकदा नांदुऱ्याच्या फलाटावर भेटले, तेव्हा पहिला प्रश्न, "गाडी कशी हाय?" मी म्हटलं, "चांगली आहे." सांगायला तेवढा वेळ पुरला असता. पण एस.टी. आली, ते चढले, आणि खिडकीतून त्यांनी हात हलवला.

मी वडनेरला भेटायला गेले. वहिनींनी चहा ठेवला. म्हणाल्या, "तुमचं नाव लय घ्याचे. मॅडमचा हात आता बसला म्हनत." तो चहा मी कसा प्यायले, माझं मला ठाऊक.

शनिवारी पाळी सुटताना सगळे जमले असताना मी सांगून टाकलं. पट्टा मी ताणला होता, भाऊंनी नको म्हटलं होतं. "आता सांगून काय उपयोग?" एवढंच शेठ म्हणाले आणि निघून गेले. वंदनाताई मात्र तिथेच होत्या.

"आमाले माहीत होतं, मॅडम."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"भाऊंनंच नाही बोलू देलं. म्हने, पोरगी नवीन हाय. आज खाली पडली तं उद्या तिचं कोनी ऐकनार नाही. मी जुना मानूस, मले काय होते?"

मी मेंटेनन्सच्या खोलीत गेले. लाइनचं दुरुस्तीचं जुनं रजिस्टर तिथे फळीवर असतं. इतकी वर्षं ते पान मी मुद्दाम उघडलं नव्हतं; त्यावर माझं नाव असणार अशी माझी खात्री होती. भाऊंच्या गोल, सुट्या अक्षरात एवढंच लिहिलेलं होतं : 'बेल्ट जास्त ताणल्या गेला. बेअरिंग व बेल्ट बदलले.' कुणी ताणला, ते नाही.

त्या ओळीपुढे मी माझं नाव लिहिलं. शाई वेगळी आहे, नंतर लिहिलेलं लगेच कळतं. कळू दे.