रूडी माकेलाचं एक यार्ड

आयर्न क्रीक गावात रूडी माकेलाला कुणी "कसा आहेस?" असं विचारत नसे. "काय रूडी, यार्ड मिळालं का?" असं विचारत. रूडी चिडायचा नाही. गावानं आपलं म्हणणं निदान अर्धं तरी ऐकलंय, असं तो समजायचा.

गेली चाळीसेक वर्षं रूडी शाळेच्या फुटबॉल संघातल्या पुढच्या पाच पोरांना शिकवत होता. हा अमेरिकेतला फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. ही पाच पोरं म्हणजे संघातली सगळ्यात जाड पोरं. त्यांचं काम समोरच्याला ढकलायचं. चेंडू त्यांच्या वाट्याला येत नाही, पेपरात फोटो येत नाही, आणि सामना संपल्यावर चिखलातून त्यांना फक्त आई ओळखते. मुख्य कोच आले आणि गेले. एक विमा विकायला लागला, एक मुख्याध्यापकांच्या मेहुणीच्या प्रेमात पडून विस्कॉन्सिनला पळाला. रूडी जागचा हलला नाही. शाळेतली सुतारकामाची मास्तरकी सुटली तरी मैदान सुटलं नाही.

त्याचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं, पण ते सांगायला त्याला अर्धा तास लागे. "चार डावांत दहा यार्ड काढायची. त्यातली नऊ कुणीही पळून काढील. शेवटचं एक, ही एवढी दोन हात जमीन, ती माणसाची परीक्षा. ती ढकलूनच घ्यावी लागते." हे त्यानं लग्नांत सांगितलं होतं, मयताच्या जेवणांत सांगितलं होतं, आणि एका बारशाला तर थेट पाद्र्याला सांगितलं होतं. पाद्री बिचारा हातात ओलं बाळ घेऊन ऐकत उभा होता.

अशा गावात ब्रेंट डायकेमा नावाचा नवा मुख्य कोच आला. पुलापलीकडचा, दक्षिणेकडचा, तिशीतला, डोळ्यांपेक्षा टॅब्लेटवर जास्त विश्वास असलेला. त्याच्या खेळात क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून डाव सुरू होतो तो पोरगा, सेंटरला, म्हणजे त्या पाचांतल्या मधल्याला, चिकटून उभा राहत नसे. तो पाच यार्ड मागे जाऊन उभा राही. पुढे वाकलेला सेंटर दोन पायांमधून त्याच्याकडे चेंडू भिरकावी, आणि मग अख्खा संघ सांडलेल्या फुटाण्यांसारखा मैदानभर पसरे. खरं सांगायचं तर पोरांना हे फार आवडलं होतं. गुणही भरपूर होत होते. फक्त एक यार्ड उरलं की या मंडळींचं घोडं अडायचं. मागच्या शनिवारी तर मैदानाच्या शेवटच्या रेषेच्या पुढ्यात येऊन चार डाव खेळले, आणि चौथा संपला तेव्हा आधीपेक्षा सहा यार्ड मागे होते.

"दाराशी उभा असलेला माणूस घरात शिरायला आधी रस्त्यापर्यंत मागे जातो का?" सोमवारी कॅफेत कॉफीत वेलचीचा पाव बुडवत रूडीनं सगळ्यांना विचारलं.

"हे त्याला विचार ना," पोस्टातला म्हातारा लेफ्टी म्हणाला. "आमच्याकडे काय डाव आहेत होय?"

रूडीनं डायकेमाला विचारलं. डायकेमानं टॅब्लेट दाखवला, बोटानं दोनचार रंगीत चौकोन सरकवले आणि "विचार करू, कोच," असं म्हणाला. "विचार करू" म्हणजे काय, हे चार मुख्य कोच पचवलेल्या माणसाला कळत होतं. म्हणून रूडीनं त्याला बुधवारी सौनाला, म्हणजे वाफेच्या अंघोळीला, बोलावलं.

आयर्न क्रीकमध्ये सौनाचं आमंत्रण कुणी नाकारत नाही, आणि तिथं दिलेला शब्द कुणी मोडत नाही. तो कागदावरही घेत नाहीत, कारण कागद भिजतो. डायकेमाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लाकडी खोलीत शिरला आणि मोकळी दिसली म्हणून सरळ वरच्या फळीवर जाऊन बसला. वाफ सगळी वर चढते, म्हणून गावातलं शेंबडं पोरसुद्धा वरच्या फळीवर बसायच्या आधी दोनदा विचार करतं. रूडी खाली बसला, दाराला पाठ लावून, बादली जवळ ओढून.

"छान आहे हं, कोच," डायकेमा म्हणाला.

"अजून तापायचीय," असं म्हणून रूडीनं तापलेल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. चर्र झालं. "माझं एक म्हणणं होतं."

"बोला ना."

रूडी सावकाश बोलणारा माणूस. त्या दिवशी तर दोन वाक्यांच्या मध्ये तो एकेक डाव पाणी ओतत होता. "एकच यार्ड राहिलं... की क्वार्टरबॅकनं सेंटरच्या मागे चिकटून उभं राहायचं... चेंडू हातातच घ्यायचा... आणि तसंच त्याच्या पाठीमागून घुसायचं."

"पण कोच, आकडे वेगळं सांगतात."

चर्र.

"कसले आकडे?"

"म्हणजे... सर्वसाधारण..." डायकेमाचे कान लाल झाले होते. "दार कुठंय?"

"हे काय, माझ्या मागे. घाई कसली? आकडे सांग की."

चर्र.

"घ्या! घ्या तुमचं यार्ड! शनिवारी एक डाव तुमचा!" डायकेमा ओरडला आणि रूडीला ओलांडून दाराकडे धावला. गार हवा लागल्यावर मात्र त्याला अक्कल आली. दारात उभा राहून म्हणाला, "पण फसला, तर पुढच्या शनिवारपासून तुम्ही वर प्रेक्षकांत, मिसेस माकेलांच्या शेजारी. मैदानावर नाही. कबूल?"

रूडीचा हात बादलीतच थांबला. मैदानाची ती कड सोडली तर त्याला जगात उभं राहायला दुसरी जागा नव्हती. मासे धरायचा त्याला कंटाळा, पत्त्यांत त्याला झोप लागे. पण शब्द सौनात मागितला होता.

"कबूल," तो म्हणाला. डायकेमा बाहेर जाऊन बर्फात बसला तो बराच वेळ उठला नाही.

बायकोला, लॉइसला हे कळलं तेव्हा ती पास्टीच्या, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंजीच्या, कडा मुडपत होती. "म्हणजे फसलं तर तू माझ्या शेजारी? आणि मला कुणी विचारलं?"

"नाही फसायचं."

"रूडी, तू नेहमी सेंटरच्या उजवीकडूनच घुसवतोस. स्टोनी रॅपिड्समधल्या माझ्या बहिणीला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तिलासुद्धा एवढं माहीत आहे." आणि शनिवारचा सामना नेमका स्टोनी रॅपिड्सशीच होता.

गुरुवारी शिकवणी सुरू झाली. क्वार्टरबॅक ट्रिस्टन हा चपळ, देखणा पोरगा, पण उभ्या जन्मात तो सेंटरच्या जवळ गेला नव्हता.

"कोच, हात कुठं घालायचे?"

"त्याच्या खाली. मागून."

"मागून म्हणजे... तिथं?"

"तिथंच. चेंडू तिथूनच येतो."

अख्खा संघ फिदीफिदी हसायला लागला. सेंटर ओटो नीमी अंगानं कपाटाएवढा, पण भलता गुदगुल्या होणारा निघाला. ट्रिस्टनचा हात लागला रे लागला की तो खिंकाळायचा आणि चेंडू भलतीकडे जायचा. एकदा तर डायकेमाच्या कॉफीत पडला.

"ओटो, तुझा बाप माझा सेंटर होता," रूडी कडाडला. "तो कधी हसला नाही!"

"तो घरीपण हसत नाही, कोच."

शेवटी रूडी म्हणाला, "बघा, असं बसायचं," आणि स्वतः वाकला. पाय फाकले, पाठ सपाट केली, मान वर, एक हात जमिनीला टेकवला. आणि तशीच त्याची कंबर धरली. ना वर येता येई, ना खाली जाता येई. ओरडायची लाज वाटत होती, म्हणून दात आवळून तसाच राहिला. पोरांना वाटलं, हाच धडा आहे. पाचही जणांनी निमूटपणे तशीच बैठक घेतली आणि रूडी हलत नाही म्हणून कुणीच हललं नाही. मांड्या थरथरायला लागल्या, घाम नाकावरून गळायला लागला, कुणी हूं की चूं केलं नाही.

"वा," डायकेमा लांबून म्हणाला. "याला म्हणतात शिस्त."

"शिस्त गेली खड्ड्यात," रूडी दातांमधून म्हणाला. "मला कुणीतरी उठवा रे!"

पोरांनी त्याला तशाच घडीत उचलून बाकावर नेऊन ठेवलं. पण खाली राहायचं म्हणजे काय ते त्यांच्या मांड्यांना कळलं होतं. त्यानंतर ओटो हसला नाही. हसायला ताकदच उरली नव्हती.

शनिवारी दुपारी आभाळ भरलेलं, मैदान अर्धं चिखल, अर्धं बर्फ. आयर्न क्रीक पळून पळून तीन गुणांनी पुढे होतं. रूडीच्या डावाची वेळच आली नव्हती, आणि खरं म्हणजे ती न आलेलीच बरी, असं रूडीला मनातून वाटायला लागलं होतं. शेवटची दोन मिनिटं राहिली आणि चेंडू मैदानाच्या मध्यावर अडला. चौथा डाव, एक यार्ड बाकी. ते मिळालं तर चेंडू आपल्याकडेच आणि घड्याळ आपोआप संपणार. नाही मिळालं तर चेंडू स्टोनी रॅपिड्सचा, आणि त्यांची पोरं वाऱ्यासारखी पळत होती.

डायकेमानं खेळ थांबवून घेतला. टॅब्लेट काखेत मारला आणि म्हणाला, "कोच, हे तुमचं यार्ड."

माणूस शब्दाचा पक्का होता, हे रूडीला कबूल करावं लागलं. त्यानं मैदानाकडे पाहिलं. समोरची नऊ पोरं मधोमध गर्दी करून उभी होती. पलीकडच्या बाकांवरून त्यांचं अख्खं गाव "रूऽडी! रूऽडी!" असं ओरडत होतं. त्यात लॉइसची बहीणही असणार. एवढी वर्षं ज्या दोन हात जमिनीवर त्यानं प्रवचनं झोडली, ती समोर होती, आणि त्याला दिसत होतं फक्त पुढच्या शनिवारचं रिकामं मैदान.

"लाथ मारून चेंडू लांब घालवू, येऊ देत त्यांना तिथून," तो म्हणाला.

"काय?"

"लाथ मार म्हणतोय. शहाणपणाचं तेच आहे."

एवढ्यात कडेला आलेला ओटो म्हणाला, "नको, कोच. त्यांचा तो पंच्याहत्तर नंबरवाला दमलाय. दुपारपासून बघतोय मी, आता वाकतच नाही, उभाच राहतो. तो डावीकडे आहे. मी त्याला उचलतो."

"डावीकडे?"

"सगळे उजवीकडे टपलेत ना. तुम्ही नेहमी उजवीकडूनच सांगता म्हणून."

"कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या आजीनं."

"आणि मला आता कळतंय हात कुठं घालायचे ते," ट्रिस्टन म्हणाला.

"डाव तुमचा आहे, कोच," डायकेमा हळू म्हणाला. "तुम्ही सांगाल ते."

रूडीनं त्या दोन पोरांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर भीतीचा मागमूस नव्हता, आणि याची त्याला लाज वाटली, तेवढाच अभिमानही वाटला. "डावीकडून," तो म्हणाला. "जा."

मग त्यानं डोळे मिटून घेतले. धप्पकन आवाज झाला, लगेच बरंच कण्हणं ऐकू आलं. डोळे उघडले तर समोर पोरांचा ढीग होता आणि पंच एकेकाला पायाला धरून बाजूला काढत होते. सगळ्यात खाली पंच्याहत्तर नंबरवाला उताणा, त्याच्यावर ओटो, आणि ओटोच्या पाठीवर चेंडू कवटाळून ट्रिस्टन. मापाची साखळी आणली, ताणली. चेंडूचं टोक चार बोटं पुढे होतं.

डायकेमानं रूडीला मिठी मारून हलवला. "जिंकलात कोच! शर्त जिंकलात!"

"ती पोरांनी जिंकली," रूडी म्हणाला. "मी तर लाथ मारत होतो." त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि डायकेमाच्या हातात ठेवली. "पुन्हा एक यार्ड राहिलं की मी पुन्हा घाबरणार. ओटोला आत्ताच कळलंय ते. उद्या सगळ्यांना कळेल."

"अहो कोच, असं काय करताय? कोच!"

पण रूडी कुंपण ओलांडून पायऱ्या चढायला लागला होता. वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला सांगा, थोडं हलकंही वाटत होतं.

"मिळालं ना?" लॉइसनं विचारलं. "मग इथं काय करतोस?"

"घाबरलो, लॉइस."

लॉइसनं टोमणा मारला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. तिनं सरकून जागा केली आणि आपली अर्धी शाल त्याच्या गुडघ्यांवर टाकली. खाली आता फक्त घड्याळ संपवायचं राहिलं होतं, आणि डायकेमानं ट्रिस्टनला परत पाच यार्ड मागे उभं केलं होतं.

"अरे, हा बघ! परत मागे!" रूडी अर्धवट उठला.

"बस खाली. इथून त्यांना काही ऐकू जात नाही."

"मग हे सगळे इतकी वर्षं ओरडतात कशाला?"

"म्हणूनच तर ओरडतात."

रूडीनं आजूबाजूला पाहिलं. लेफ्टी ओरडत होता, पाद्री ओरडत होता, ओटोची आजी तर उभी राहून काठी हलवत होती. रूडीनं जरा विचार केला, टोपी मागे सारली, आणि मग तोही ओरडला.