पोछासन

"मावशी, जरा मध्ये ये. तो पोछा पण घे. दांड्याचा नको गं, हातातला."

कुंदाताई असं म्हणाल्या तेव्हा आई सतरंजीच्या कडेला बसली होती. धुतलेलं लुगडं नेसून. नळावर पाय धुऊन. चपला बाहेर, सगळ्यांच्या चपलांपासून हातभर लांब.

कुंदाताई तेव्हा सत्तरच्या. आई एकसष्टची. तरी आई त्यांची मावशी. आपल्या मराठी लोकांत ही सोय आहे. झाडणाऱ्या बाईला मावशी म्हटलं की तिचं नाव विचारावं लागत नाही. पंधरा वर्षं तिने तो हॉल झाडला. तिचं नाव तिथे एकालाही ठाऊक नव्हतं. आडनाव मात्र पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

हॉल संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, काशीतल्या मराठी मंडळींचा. तिथे कुंदाताई ज्येष्ठांसाठी आरोग्याचा वर्ग चालवतात. सकाळी आसनं, मग हात वर करून मोठ्याने हसायचं, मग मोड आलेले चणे. रविवारी रक्तदाब तपासतात. येणारे निवृत्त मास्तर, बँकेतले, विद्यापीठातले, घाटावरच्या जुन्या भिक्षुकी घरांतले.

आम्ही गंगेपलीकडे रामनगरला. बाप अकोल्याकडून रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून आला आणि इथेच गेला. मी घरकामगार बायकांच्या संघटनेत पत्रकं लिहिते. माझी मराठी बरी म्हणून कुंदाताईंनी वर्गाचं पत्रकही माझ्याकडूनच लिहून घेतलं. पहिली ओळ माझी. 'साठी ओलांडलेल्या सर्वांसाठी.'

आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"सर्वांत मी येते का वं?" तिने विचारलं.

"येतेसच की," मी म्हणाले.

तिला गरजही होती. गुडघे झिजले होते. डॉक्टरने सांगितलं होतं, उकिडवं बसायचं नाही, खुर्चीवर बसून करायचे हलके व्यायाम शिकून घे. तेव्हापासून ती दांड्याच्या पोछ्याने उभ्यानेच पुसायची. तो दांडा तिने स्वतःच्या पैशाने आणला होता.

तर आईला मध्ये बोलावून कुंदाताई म्हणाल्या, "तुला कशाला गं वर्ग? तुझा तर रोज व्यायाम होतो! उलट तूच शिकव आम्हाला. बघा हं सगळे, मावशी कशी बसते ते."

"ऊठ" असं कुणी म्हणालं नाही. तेवढे ते सभ्य आहेत.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढत होते. "तू व्हिडिओ घे," असं कुंदाताईंनी मला सांगितलं होतं.

आई खाली बसली. उकिडवी. फडकं पिळलं आणि डावीकडून उजवीकडे पुसत मागे मागे सरकत गेली. गुडघा वाजला. मला ऐकू आला, मी जवळ होते.

बँकेतून निवृत्त झालेले एक अण्णा ओरडले, "अहो, हे तर पोछासन!"

सगळे हसले. तिथे हसायची सवयच आहे. आईही हसली.

मीही हसले. हे मी आजवर कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.

मग तिने उठायला बादलीच्या काठावर हात टेकला. बादली कलंडली. आई दोन्ही तळव्यांवर पुढे पडली. काळं पाणी सतरंजीकडे निघालं. माणसांनी पाय वर घेतले.

"अरे अरे, सतरंजी! सतरंजी उचला!"

मावशी, असं कुणी ओरडलं नाही. ते पाणीही तिनेच पुसलं. बसूनच.

परतताना पुलावर ऑटोत ती मला म्हणाली, "लोक खुश झाले नं वं? उद्या बसू देतीन मंग."

दुसऱ्या दिवशी सतरंजी एक घडी कमी अंथरली होती. तिची जागा उघड्या फरशीवर आली. ती दांड्याचा पोछा घेऊन दाराशी उभी राहिली. तिसऱ्या दिवसापासून वर्ग संपल्यावर यायला लागली.

आई जाऊन दोन हिवाळे झाले. न्यूमोनियाने गेली, गुडघ्याने नाही. उगाच खोटं लिहीत नाही.

पण ती गेलेली नाही. तेराव्या दिवशीच माझ्या फोनवर आली. वर गुलाबाचं फूल, सुप्रभात, आणि खाली आई. 'गुडघेदुखीवर रामबाण उपाय! घरच्या घरी पोछासन करा.' पुढे कानपूरहून आली, नागपूरहून आली. एकदा माझ्याच संघटनेतल्या बाईने पाठवली, तिला माहीत नव्हतं. मेलेली आई रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये फरशी पुसते. बादलीकडे हात गेला की व्हिडिओ संपतो. माझ्याकडून घेऊन कुंदाताईंनी तिथेच कापलाय. मला मात्र पुढची बादली ऐकू येते. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढतानाही येते.

मागच्या महिन्यात कुंदाताईंचा फोन. वर्गाचा वर्धापनदिन आहे. "मावशीचा सत्कार करतोय गं आम्ही. ती नाही, तर शाल तू घे."

गेले. भिंतीवर पडदा. पडद्यावर आई, माणसाहून मोठी. टाळ्या. अण्णा माइकवर म्हणाले, "आपली मावशी म्हणजे आरोग्याचा चालता-बोलता नमुना!"

कुंदाताई शाल उलगडत पुढे आल्या. मी माइक घेतला.

"शाल नको. आधी तिचं नाव सांगा. कुणीही सांगा."

कुणीतरी खोकलं.

"अगं, प्रेमाने मावशीच म्हणायचो सगळे," कुंदाताई म्हणाल्या.

"यशोदा. तिचं नाव यशोदा. आणि हा व्हिडिओ अर्धा आहे. उरलेला माझ्याकडे आहे. लावू?"

अण्णा म्हणाले, "मंगल कार्यक्रमात कशाला आता ते?"

"तिला बरं नाही दिसणार ते," कुंदाताई हळूच म्हणाल्या.

"तिला, की सतरंजीला?"

मी तो लावला नाही. एकदा तिला या लोकांसमोर पाडलं, पुरे झालं. दुसऱ्यांदा माझ्या हाताने पाडणार नाही. शाल खुर्चीवर ठेवली आणि निघाले.

दारात फुलमती भेटली. आता हॉल तीच झाडते. इथलीच, बनारसी. वय बासष्ट. गुडघ्याला फडकं बांधलेलं. मला म्हणाली, "बिटिया, ई लोग हमको मावशी काहे कहते हैं? मतलब का है?"

मी तिला मतलब सांगितला. जितका कोशात असतो तितका नाही. पुरता सांगितला.

तिने गुडघ्याचं फडकं घट्ट बांधलं. मग म्हणाली, "हमारा नाम लिखवा दो."

नवं पत्रक लिहून झालंय. 'सर्वांसाठी' हा शब्द मी पुन्हा लिहिणार नाही. त्या शब्दात कुणीच बसत नाही. पहिली ओळ अशी आहे: 'फुलमतीदेवी, वय बासष्ट, सोमवारपासून या वर्गात बसतील. मधल्या रांगेत. खुर्चीवर.' हॉलच्या दारावर मी स्वतः चिकटवणार आहे.

त्यांना कुणी उठवलं, गोड बोलून का होईना, तर त्या दिवसापासून हॉल झाडला जाणार नाही. गल्लीतल्या प्रत्येक झाडणाऱ्या बाईच्या घरी मी जाऊन आलेय. एकही यायची नाही.

पोछा कोपऱ्यात ठेवलेला असेल. आसन तर सगळ्यांना पाठ आहे.